शर्यतीतला गडी



बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण राहून जात होतं. निमित्त झालं गणपतीचं. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत तिघाचौघांनी मला एकच प्रश्न विचारला, "मुलगी काय करते सध्या?" मी म्हणतो, "बेल्जियमला असते." पुढचा प्रश्न ठरलेला: "अरे वा! युनिव्हर्सिटी कुठली?" मग मी म्हणतो, "युनिव्हर्सिटी नाही, सायकलच्या शर्यतीत भाग घेते." यानंतर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. एक काकू तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "होईल हो सगळं व्यवस्थित." :-)

तर सगळ्यांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हा लेख. लांबलाय, आधीच सांगतो.

आधी थोडं माझ्याविषयी. मी २००१ मध्ये वर्क परमिटवर आलो आणि एजवेअरला राहिलो ते आजतागायत. नॉर्दर्न लाइनचं शेवटचं स्टेशन, भाडं कमी, आणि गाडीत झोप लागली तरी उतरायचं चुकत नाही, ही तीन कारणं. आमच्या हाय स्ट्रीटवरून जो ए-५ रस्ता जातो तो रोमन लोकांचा वॉटलिंग स्ट्रीट. इकडे मार्बल आर्चपासून किलबर्न, क्रिकलवुड, कॉलिनडेल, बर्न्ट ओक करत सरळ रेषेत आमच्यापर्यंत येतो आणि पुढे ब्रॉकली हिलचा चढ चढून एल्सट्रीकडे जातो. रोमन काळात त्या चढावर कुंभारांच्या भट्ट्या होत्या. आता तिथे हाडांचं मोठं हॉस्पिटल आहे. सायकलवाल्यांच्या दृष्टीने सोय उत्तम.

मला हा नाद लागला २००७ मध्ये. त्या वर्षी टूर द फ्रान्सची सुरुवात चक्क लंडनमध्ये झाली. ७ जुलैला व्हाइटहॉलपासून द मॉलपर्यंत आठेक किलोमीटरची, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायची शर्यत होती. स्वित्झर्लंडचा कान्चेलारा जिंकला. ब्रॅडली विगिन्स चौथा आला. हा विगिन्स जन्माने बेल्जियममधल्या गेंटचा, पण वाढला आमच्याच ए-५ च्या खालच्या टोकाला, किलबर्नच्या बाजूला. पुढे २०१२ मध्ये टूर द फ्रान्स जिंकणारा तो पहिला ब्रिटिश ठरला. मी त्या दिवशी कठड्याला टेकून उभा होतो. माणूस दिसायच्या आधी चाकांचा आवाज आला, पिठाच्या गिरणीसारखा घरघर, आणि दिसेपर्यंत गेलासुद्धा. पुढच्याच महिन्यात मी जुनी सायकल विकत घेतली.

इथल्या हौशी शर्यतींचा एक प्रकार म्हणजे टाइम ट्रायल. एकेक मिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडतात, दहा किंवा पंचवीस मैल, आणि घड्याळ काय म्हणतं ते पाहायचं. रविवारी सकाळी सहाला ट्रिंगजवळ ए-४१ वर, थंडीत कुडकुडत, कुणाच्या तरी गाडीमागे कपडे बदलत मी अशा कित्येक शर्यती केल्या. या रस्त्यांना नावं नसतात, सांकेतिक क्रमांक असतात, उदाहरणार्थ 'एफ ११/१०'. त्याचं कारण गमतीचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे रस्त्यावरच्या शर्यतींमुळे घोडागाडीवाले आणि पोलीस इतके वैतागले की सायकल संघटनेनेच त्यांवर बंदी घातली. मग बिडलेक नावाच्या गृहस्थांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १८९५ मध्ये नॉर्थ रोड क्लबने एकेकाला सोडायची युक्ती काढली. घोळका नाही म्हणजे शर्यत नाही! पहाटेची वेळ, अंगभर काळे कपडे, आणि जागेचं नाव कुणाला कळू नये म्हणून क्रमांक. घोळक्याने पळायची शर्यत १९४२ मध्ये पर्सी स्टॅलर्डने बंदी झुगारून लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी घेतली, आणि त्याबद्दल त्याला संघटनेतून काढून टाकलं. आज बंदी नाही, चोरी नाही, पण क्रमांक तसेच आहेत आणि पहाटही तशीच आहे. इंग्रज माणूस एकदा धरलेली सवय सोडत नाही.

माझी दहा मैलांची सगळ्यात चांगली वेळ २६ मिनिटं १२ सेकंद. यावर काही बोलू नये. घोळक्यातल्या शर्यतीही करून पाहिल्या, हेजच्या हिलिंग्डन सर्किटवर, सगळ्यात खालच्या चौथ्या वर्गात. तिथे पहिल्यांदा कळलं की सायकलची शर्यत ही पायांपेक्षा वाऱ्याची असते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलं की साधारण तिसरा हिस्सा ताकद वाचते. म्हणजे जो पुढे असतो तो मागच्यांसाठी वारा फोडत असतो, आणि शहाणा माणूस शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत पुढे येत नाही. मी शहाणा नव्हतो. २०११ मध्ये शेवटच्या वळणावर चौघांच्या ढिगाखाली सापडलो, कॉलरबोन मोडलं, आणि सौ.ने रॅक करून टाकलेल्या सायकलीकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, "झालं समाधान?" तिथे माझी कारकीर्द संपली.

पण तोवर घरात किडा शिरला होता. २९ जुलै २०१२, ऑलिंपिकची महिलांची शर्यत. आम्ही किंग्स्टनला रस्त्याकडेला उभे. धो धो पाऊस, आपल्याकडच्या आषाढासारखा. लेक सात वर्षांची, माझ्या खांद्यावर, तिच्या रेनकोटातलं सगळं पाणी माझ्या मानेत. हॉलंडची मारियान व्होस जिंकली, यॉर्कशायरची लिझी आर्मिटस्टेड दुसरी. घरी येताना लेकीने विचारलं, "त्यांना पावसात खेळायला कोण देतं?" झालं.

त्यानंतरची दहा वर्षं आमचे शनिवार-रविवार गेले मोटारीत. ज्यांची मुलं भरतनाट्यम किंवा बुद्धिबळ करतात त्यांना हे कळायचं नाही. चाळीस मिनिटांच्या शर्यतीसाठी चार तास जायचं, चार तास यायचं. मागच्या सीटवर होमवर्क. शर्टावर नंबर लावायला सौ.च्या साडीच्या पिना. शर्यतीआधी मुलांच्या सायकलींची तपासणी व्हायची: जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन रेघा, सायकल उलटी ढकलायची आणि पॅडलच्या एका पूर्ण फेरीत चाक किती अंतर जातं ते पाहायचं. कोवळ्या गुडघ्यांवर ताण नको म्हणून जड गिअरला बंदी. ज्युनिअर गटाला ७.९३ मीटरची मर्यादा होती, लहान गटांना त्याहून कमी. ज्युनिअरांची मर्यादा २०२३ पासून उठली, नेमकी आमची एक वर्ष त्यात घालवून झाल्यावर. एकदा लिंकनशायरमध्ये दोन सेंटिमीटर जास्त भरले म्हणून तिला बाद केलं. दोष माझा, मी मागचं टायर बदललं होतं. परतीच्या वाटेवर ती तीन तास एक शब्द बोलली नाही. पीटरबरोच्या सर्व्हिस स्टेशनात मी चिप्स आणून दिल्या, त्या खाल्ल्या, पण बोलली नाही.

(आई-बाप आणि मुलं एकाच खेळात असली की काय होतं याचा इथला मासला म्हणजे बेरिल बर्टन. यॉर्कशायरची बाई, शेतावर रुबार्ब उपटायचं अंगमेहनतीचं काम करायची आणि सात वेळा जगज्जेती झाली, तीही हौशी म्हणूनच. १९६७ मध्ये बारा तासांच्या शर्यतीत तिने २७७.२५ मैल कापले, पुरुषांच्या विक्रमापेक्षाही जास्त. वाटेत आघाडीच्या पुरुषाला मागे टाकताना तिने त्याला ज्येष्ठमधाची गोळी देऊ केली आणि त्याने ती घेतलीसुद्धा. हीच बेरिल सत्तरच्या दशकात राष्ट्रीय शर्यतीत स्वतःच्या मुलीकडून हरली, तेव्हा तिने मुलीशी हातसुद्धा मिळवला नाही. मी ही गोष्ट लेकीला सांगितली. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला काळजी नको. २६ मिनिटं १२ सेकंद.")

मंडळात आणखी एक प्रश्न हमखास येतो, "यात आपलं मराठी कोणी असतं का?" असतं की! नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पूर्ण करून आले. पॅसिफिक किनाऱ्यापासून अटलांटिकपर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. आणि पुण्याची वेदांगी कुलकर्णी, बोर्नमथला शिकत होती, ती २०१८ मध्ये विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर करत जगाला वळसा घालून आली. तिची बातमी आली तेव्हा आमच्या घरात तिचा फोटो फ्रिजवर लागला. माझ्या लेकीचा प्रकार मात्र वेगळा. या लोकांना एकट्याने रस्ता संपवायचा असतो. तिला दीडशे मुलींच्या घोळक्यात राहायचं असतं, आणि तेही स्वतः जिंकण्यासाठी नाही. इथेच खरी गोम आहे.

२०२३ मध्ये ए-लेव्हल झाली, मार्क उत्तम, गणिताला प्रवेश मिळाला. तिने तो एक वर्ष पुढे ढकलला. बेल्जियममधल्या एका छोट्या संघाने तिला २०२४ च्या मोसमासाठी घेतलं होतं. संघ सायकल देणार, कपडे देणार, शर्यतीला नेणार-आणणार. पगार? शून्य. महिलांच्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या संघांना किमान पगाराचा नियमच मुळात लागू झाला २०२० मध्ये, वर्षाला १५,००० युरो. नंतर तो वाढला. पण खालच्या कॉन्टिनेन्टल दर्जाच्या संघांना तसला नियम नाही. राहायचा खर्च आम्ही करायचा. बापाने घराचं कर्ज फेडायचं, मुलीने बेल्जियममध्ये फुकट घाम गाळायचा, असा हा व्यवहार. मी तिला तेव्हा हे याच शब्दांत सांगितलं होतं, आणि त्याचा मला फारसा पश्चात्ताप नाही.

गेंटपासून वीस मिनिटांवर विटांचं एक घर, त्यात पाच मुली: दोन इंग्लिश, एक आयरिश, एक न्यूझीलंडची आणि आमची. शर्यतवाल्यांचं आयुष्य म्हणजे डोंगर, सूर्यफुलं आणि हार-तुरे असं आपल्याला टीव्हीवरून वाटतं. मी तिथे पहिल्यांदा आठ दिवस राहिलो तेव्हा काय पाहिलं? सकाळी भात. सरावाला तीन-चार तास. परत आल्यावर अंघोळीच्या टबात चिखलाने माखलेल्या पाच सायकली आणि पाच जर्सी, याच क्रमाने. मग आडवं पडणं. या लोकांचा एक नियम आहे: चालू नये बसता येत असेल तर, बसू नये पडता येत असेल तर. एकोणीस वर्षांच्या पाच मुली दुपारभर पाय भिंतीला वर लावून पडलेल्या, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. सौ.ने फोनवर विचारलं, "काय करतात गं त्या दिवसभर?" मी म्हटलं, "आजारी माणसाचं जे असतं ते, फक्त मध्ये चार तास मरणाची मेहनत."

आठवड्यात मधल्या दिवशी गावाची शर्यत असते, तिला केरमेस म्हणतात. आपल्या गावजत्रेचंच भावंडं. सहा-सात किलोमीटरचा फेरा गावाभोवती, पंधरा-सोळा वेळा. नावनोंदणी पबमध्ये: बिअरच्या वासात टेबलावर वही मांडलेली, काही युरो भरायचे, नंबराची अनामत ठेवायची, नंबर परत केला की अनामत परत. इनाम छोटं पण खालपर्यंत वाटलेलं, म्हणजे अठराव्या नंबरालाही चहापाण्यापुरते पैसे सुटतात. आजोबा मंडळी खुर्च्या टाकून दारात बसतात आणि प्रत्येक फेरीला तीच शिवी देतात. खरी भीती वाऱ्याची. सपाट मुलूख, आडवा वारा. मग घोळका रस्त्यावर तिरका पसरतो, पंख्यासारखा. त्या पंख्यात जितक्यांना जागा मिळाली तितके वाचले, बाकीचे रस्त्याच्या कडेला एका रांगेत, चाक अक्षरशः गटाराच्या काठावर, आणि एकेक जण तुटत जातो. लेक म्हणते, चढावर दम संपतो तेव्हा निदान कळतं तरी. वाऱ्यात काही कळायच्या आत समोर वीस मीटरची फट पडलेली असते आणि ती फट मग आयुष्यात भरून निघत नाही.

खाण्याचं एक सांगायलाच हवं. ताशी साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत असा हिशेब असतो. संघवाले चिकट भातात साखर घालून त्याच्या वड्या पाडतात आणि फॉइलमध्ये गुंडाळून खिशात देतात. सौ.ने ते पाहिलं आणि म्हणाली, हा तर बिघडलेला नारळीभात! मग आंबेमोहोर, गूळ, खोबरं कमी (जड पडतं), लवंग एकच. पाच मुली तेच नेऊ लागल्या. आयरिश मुलीची आई आता डब्लिनमध्ये गूळ शोधते.

आणि दिवसांची वही. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, ब्रिटिश पासपोर्टवर युरोपात १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्यामुळे ही पोर काही आठवडे तिकडे, काही आठवडे इकडे, असं करते. एजवेअरहून डोव्हर, डोव्हरहून फेरीने कॅले, पुढे गेंट, एकूण सहा-सात तास. फ्रिजवर एक वही टांगलेली, त्यात आल्या-गेल्याच्या तारखा आणि उरलेल्या दिवसांचा आकडा. मी वर्क परमिटवर असताना अशीच वही ठेवायचो, कायम वास्तव्याच्या अर्जासाठी देशाबाहेर किती दिवस होतो ते लिहायला. या घरात परत अशी वही लागेल असं वाटलं नव्हतं. तिच्याकडे तर इथला जन्मदाखला आहे!

आता मूळ मुद्दा. सायकलच्या संघात एक लीडर असते आणि बाकीच्या तिच्यासाठी राबतात. वारा अंगावर घ्यायचा, मागे गाडीपर्यंत जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणायच्या, समोरच्या संघातलं कुणी पळालं की पाठलाग करायचा, आणि शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये, जेव्हा टीव्हीवर चित्र सुरू होतं, तेव्हा बाजूला व्हायचं. अशा खेळाडूला फ्रेंचमध्ये 'डोमेस्टिक' म्हणतात, म्हणजे सरळ सरळ घरगडी. आमची लेक ही. तिची निवड का झाली हे तिने हसत हसत सांगितलं: तिची उंची आणि पायांची लांबी लीडरइतकीच आहे. सायकलचा साइज एकच. म्हणजे वेळ पडली तर सायकल देता येते.

ती वेळ मी डोळ्यांनी पाहिली. जुलै २०२४, रविवार, पश्चिम फ्लँडर्समध्ये एकशेवीस किलोमीटरची शर्यत. मी पंच्याऐंशीव्या किलोमीटरला, मक्याच्या शेतापाशी, दोन बाटल्या घेऊन उभा. घोळका आला, आणि माझ्यापासून शंभर पावलांवर लीडर हात वर करून कडेला थांबली. मागचं टायर बसलेलं. आमची लेक तिच्या मागे होती. ब्रेक, उतरली, आपली सायकल लीडरच्या हातात दिली, तिला पाठीला हात लावून धावत ढकलली, आणि फुटक्या टायरची सायकल धरून रस्त्याकडेला उभी राहिली. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. मग संघाच्या गाडीची वाट. संघांच्या गाड्या मागे ठरलेल्या क्रमाने चालतात आणि यांचा क्रम त्या दिवशी सतरावा होता. दीड मिनिट गेलं. ताशी चाळीसच्या वेगाने पळणाऱ्या घोळक्यापुढे दीड मिनिट म्हणजे पूर्ण एक किलोमीटर. मी धावत तिच्यापर्यंत गेलो. ती म्हणाली, "बाबा, बाजूला व्हा, दंड होईल." मी बाजूला झालो. चाक बदललं, ती एकटीच निघाली, वीस किलोमीटर वाऱ्यात एकटी पळाली, आणि मग शेवटी येणाऱ्या त्या झाडूगाडीने तिला उचललं. मागे राहिलेल्यांना गोळा करणारी गाडी, तिचं नावच ते आहे.

आणि लीडर कितवी आली? अकरावी.

मी संध्याकाळी खूप बोललो. नको ते बोललो. अकराव्या नंबरासाठी? तेही दुसरीच्या? याच्यासाठी सीट अडवून ठेवली? युनिव्हर्सिटीने कळवलं होतं की ऑगस्टअखेर काय ते सांगा, आणखी पुढे ढकलता येणार नाही. ती डब्यातला थंड भात खात बसली होती. म्हणाली, "बाबा, मी माझं काम केलं. ते नीट झालं. तुम्हाला ते दिसलं नाही का?" मी म्हटलं, मला फक्त तू रस्त्याकडेला उभी दिसलीस.

रात्री सांगलीला अण्णांना फोन लावला. आमचे अण्णा एसटीत मेकॅनिक होते, आता ऐंशीच्या पुढे आहेत. तरुणपणी तेही शर्यती करायचे. सांगलीच्या बाजूला तो नाद तेव्हाही होता आणि आजही आहे. घरात त्यांच्या शर्यतीची एकच गोष्ट माहीत होती आणि ती विनोद म्हणून: अण्णा सत्तरच्या दशकात मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरले आणि पुण्याला ट्रकने पोचले. लग्नकार्यात मामालोक ती रंगवून सांगायचे, आम्ही हसायचो, अण्णाही हसायचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: मुंबई-पुणे म्हणजे आपल्याकडची सगळ्यात मानाची शर्यत, दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये खोपोलीनंतर बोरघाट. घाट पहिला चढेल तो 'घाटाचा राजा'.

मी अण्णांना सगळं तावातावाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सायकल लगेच दिली, का विचार करत थांबली?"

"लगेच दिली."

"मग ठीक आहे."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मी चाक दिलं होतं."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा ही गोष्ट पूर्ण ऐकली. चौघं मिळून गेले होते. चौघांत एक घाट चढण्यात तयार. खोपोलीला घाट लागायच्या आधी त्याचं पुढचं चाक बसलं. अण्णांनी आपलं काढून दिलं. तेव्हाची टायरं रिमला चिकटवलेली, मिळायला महाग, जादाचं होतं ते चौथ्याच्या पाठीवर आणि तो पुढे गेलेला. अण्णा सायकल हातात धरून शिंग्रोबाच्या देवळापर्यंत घाट चालत चढले. तिथे कांदा उतरवून परत चाललेल्या एका रिकाम्या ट्रकने त्यांना घेतलं.

"मग तो झाला का घाटाचा राजा?"

"छ्या! लोणावळ्याच्या अलीकडंच पायात गोळे आले त्याला. तोबी गाडीतच बसला."

"आणि चाक?"

"दिलं की परत. दोन आठवड्यांनी. फुटकंच."

मी विचारलं, हे कधी सांगितलं का नाहीत? म्हणाले, "काय सांगायचं त्यात? आम्ही त्याचे गडी होतो. चाक मागितल्यावर गडी काय करणार?" मग हसले. "तुम्ही लोक ट्रकवर खूश होता."

मी फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या 'गडी'वर अडकून बसलो होतो. शेतावर राबतो तोही गडी, आणि खो-खोत, कबड्डीत खेळतो तोही गडीच. 'आमच्यात एक गडी कमी आहे' असं म्हणत आपण सगळे वाढलो. अण्णा त्या रात्री कुठला गडी म्हणाले, हे मी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये तिने सीट सोडली. हे मला पटलं का? नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. सौ.ने मात्र एक अट घातली आणि ती तिने मान्य केली. ऑक्टोबर २०२४ पासून ती ओपन युनिव्हर्सिटीतून गणित करते, अर्धवेळ. युनिव्हर्सिटीचं ऑफिस मिल्टन कीन्सला, म्हणजे आमच्याच ए-५ वर चाळीसेक मैल वर. दुपारी पाय भिंतीला लावून पडलेली असते तेव्हा छातीवर पुस्तक असतं. २०२५ चा मोसमही तिने त्याच कामात काढला. अजून पगार नाही. झाडूगाडीत बसायची वेळ कमी आली, एवढं खरं. अण्णा दर रविवारी विचारतात, लीडर कितवी आली. ती कितवी आली हे विचारत नाहीत.

मी पुन्हा सायकल खाली काढलीय, फक्त थंडीत ती घरी असते तेव्हापुरती. सकाळी सातला दोघं निघतो, हाय स्ट्रीटवरून वर ब्रॉकली हिल. ती पुढे, मी तिच्या चाकाला. मागे न बघता तिला कळतं मी तुटलो की. पॅडल थांबवते, मी चिकटलो की पुन्हा सुरू. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत माझा दम पुरतो.

आता एक विनंती. फेब्रुवारीच्या शेवटी ती परत जाईल. गेंट, आल्स्ट किंवा त्या बाजूला कुणी मराठी कुटुंब असेल, किंवा तुमच्या ओळखीचं असेल, तर कृपया कळवा. राहायची सोय नको, ती आहे. आठ-पंधरा दिवसांतून एकदा, शर्यत नसेल त्या रविवारी, वरणभात मिळाला तर बरं. पाच जणी येतील आणि भरपूर खातील, हे आधीच सांगून ठेवतो. गूळ आम्ही पाठवू.